प्रीमियर लीग क्लबची पेड मेंबरशिप घ्यावी का? वापरून लिहिलेला रिव्ह्यू

इंग्लंडमध्ये शिकायला नाहीतर नोकरीला आलेले आपले बरेच जण पहिल्या पगारातच ठरवतात की लहानपणापासून टीव्हीवर बघितलेली फुटबॉल टीम एकदा तरी ग्राउंडवर जाऊन बघायची, मग क्लबच्या साइटवर जातात आणि तिथे कळतं की तिकीट असं सरळ विकत मिळतच नाही, आधी मेंबर व्हा म्हणतात. तर ही मेंबरशिप म्हणजे नक्की काय, पैसे कशाचे घेतात, हातात काय पडतं, आणि मुळात हे सगळं असं का झालंय ते लिहितोय. क्लबचं नाव लिहीत नाही, वरच्या सगळ्याच मोठ्या क्लबांत थोड्याफार फरकाने हाच कारभार आहे आणि मला एकाच क्लबवर राग काढायचा नाहीये. पोस्ट लांबलीय, पण पैसे भरायच्या आधी वाचा.

मेंबरशिप वर्षाला साधारण 35 ते 40 पाउंडांना पडते. त्यात ॲपवर एक कार्ड येतं, घरी एक छोटा बॉक्स येतो ज्यात बिल्ला वगैरे किरकोळ वस्तू असतात, क्लबच्या शॉपमध्ये थोडं डिस्काउंट मिळतं, आणि मुख्य म्हणजे तिकिटांच्या बॅलटमध्ये नाव टाकता येतं. म्हाडाच्या घरांची सोडत असते ना, अगदी तसंच. फॉर्म भरा, वाट बघा, ईमेल येतो, बहुतेक वेळा "या वेळी तुमचा नंबर लागला नाही" असाच येतो. स्टेडियममधल्या बहुतेक सीट सीझन तिकीटवाल्यांच्या (सीझनभराच्या मॅचचं तिकीट एकदम घेणाऱ्यांच्या) असतात, उरलेल्या सीटमधून पाहुण्या टीमच्या फॅन्सचा कोटा काढा, हॉस्पिटॅलिटीचा, म्हणजे लाउंज नि जेवणासकटच्या महागड्या सीटचा काढा, स्पॉन्सरचा काढा, मग जे काही हजार राहतं त्यावर मोठ्या क्लबांचे मेंबर असतात लाखांत. नंबर लागलाच तर तिकिटाचे पैसे वेगळे, माझं सत्तर पाउंडांच्या आसपास पडलं आणि ती काही फार भारी सीट नव्हती, कोपऱ्यात वरच्या टिअरला. नंबर लागलाच नाही तर मेंबरशिपचे पैसे परत मिळत नाहीत आणि पुढच्या वर्षी ऑटो-रिन्यू मात्र आपोआप चालू असतं, ते सेटिंगमध्ये जाऊन आधीच बंद करून ठेवा.

ॲपबद्दल. तिकीट आता कागदावर नसतं, फोनमध्ये पास येतो, गेटवर टॅप केलं की आत. चालतं तेव्हा छान चालतं, रांग भराभर सरकते. पण मित्राला ऐनवेळी जमलं नाही म्हणून त्याचं तिकीट भावाला द्यायचं म्हटलं तर भाऊ पण मेंबर पाहिजे, मेंबर असला तरी ट्रान्सफरची मुदत असते, ती गेली की संपलं. ब्लॅकने विकणाऱ्यांना रोखायला हे केलंय हे मला मान्य आहे. पण माझ्यापुढे गेटवर एक आजोबा उभे होते, त्यांच्या फोनवर पास उघडतच नव्हता, ते स्टुअर्डला (गेटवरच्या कर्मचाऱ्याला) कळवळून सांगत होते की मी इथे तुझ्या जन्माच्या आधीपासून येतोय, आणि तो मुलगा बिचारा काय करणार, त्याने त्यांना तिकीट ऑफिसकडे पाठवलं. हाफटाइमपर्यंत तरी त्यांच्यासारखं कोणी आमच्या ब्लॉकमध्ये दिसलं नाही, दुसऱ्या ब्लॉकमध्ये गेले असतील अशी आशा आहे.

सगळ्यात मनस्ताप झाला तो तारखेचा. मॅच शनिवारी दुपारी 3 ची होती, मी ट्रेनचं स्वस्तातलं तिकीट काढून ठेवलं, जे रिफंड होत नाही, आणि मग टीव्हीवाल्यांनी ती मॅच सोमवारी रात्री 8 ला हलवली. सोमवारी रात्री 10 ला मॅच संपल्यावर दुसऱ्या शहरात परतायला ट्रेन नाही, दुसऱ्या दिवशी ऑफिस. क्लबला ईमेल केला तर उत्तर आलं की फिक्स्चर, म्हणजे मॅचच्या तारखा, बदलू शकतात हे अटींमध्ये लिहिलेलं आहे. लिहिलेलं आहे, खरंय. पण ही अट कोणासाठी लिहिलीय बघा. टीव्हीवर बघणाऱ्याला सोमवार काय नि शनिवार काय, भुर्दंड फक्त त्यालाच पडतो जो अंगाने तिथे जाणार आहे. न्यूकॅसलहून लंडनला किंवा बोर्नमथहून वर मँचेस्टरला जाणाऱ्या फॅन्सना तर हे दर सीझनला सोसावं लागतं.

आता चांगलं लिहितो, कारण चांगलं पण खूप आहे आणि ते लपवून रिव्ह्यू लिहिणं बरोबर नाही. पायऱ्या चढून वर गेलात आणि ते हिरवंगार पिच पहिल्यांदा समोर आलं की सगळे पैसे वसूल झाल्यासारखं वाटतं. फुटबॉलचा दर्जा असा आहे की टीव्हीवर त्याचा अर्धाही अंदाज येत नाही, बॉल नसताना प्लेअर किती धावतात, एकमेकांना किती ओरडून सांगतात, हे तिथेच दिसतं. कुठल्याही सीटवरून खांब आड येत नाही, टॉयलेट स्वच्छ, लहान मुलं आणि बायका निर्धास्तपणे येतात, मारामारीची भीती नाही. 1980 च्या दशकात इथलं चित्र फार वेगळं होतं. 15 एप्रिल 1989 ला शेफील्डच्या हिल्सबरो ग्राउंडवर झालेल्या चेंगराचेंगरीत लिव्हरपूलच्या 97 फॅन्सचा जीव गेला, त्यानंतर लॉर्ड टेलर यांच्या चौकशी समितीने सांगितलं की मोठ्या ग्राउंडवर उभं राहायच्या जागा बंद करा, सगळ्यांना सीट द्या. आज आपण सुरक्षित बसतो ते त्यामुळे. पण त्याच रिपोर्टमध्ये जानेवारी 1990 मध्ये टेलर यांनी हेही लिहिलं होतं की सीट आल्या म्हणून तिकीट सामान्य माणसाच्या हाताबाहेर जायचं कारण नाही, ग्लासगोच्या आयब्रॉक्सचं उदाहरण दिलं होतं, तिथे सीट 6 पाउंडांना आणि उभं राहायचं तिकीट 4 पाउंडांना होतं. सीटवाली शिफारस सगळ्यांनी पाळली, किमतीचं म्हणणं मात्र कोणी मनावर घेतलं नाही. महागाई धरली तरी 6 चे 70 होत नाहीत.

माझ्या शेजारी जे गृहस्थ बसले होते ते साठीच्या पुढचे, सीझन तिकीटवाले. वडिलांबरोबर उभं राहून मॅच बघायचे तेव्हापासून येतात म्हणाले. पहिली दहा मिनिटं बोलले नाहीत, मग मी एका डिफेंडरच्या पोझिशनबद्दल काहीतरी म्हणालो आणि त्यानंतर थांबलेच नाहीत. त्यांनी मला खालच्या टिअरमधला मधला भाग दाखवला, हाफवे लाइनसमोरचा, जिथे जाड गादीच्या सीट आहेत. म्हणाले हाफटाइमनंतर तिकडे लक्ष ठेव. ठेवलं. सेकंड हाफ सुरू झाला, कॉर्नर झाला, एक गोल होता होता राहिला, आणि तो अख्खा पट्टा अर्ध्याहून जास्त रिकामा, लोक आत लाउंजमध्ये जेवत होते, हळूहळू ग्लास खाली ठेवून बाहेर आले तेव्हा दहा मिनिटं होऊन गेली होती. टीव्ही कॅमेऱ्याच्या बरोबर समोर ती रिकामी रांग. हे काही नवीन नाही, मँचेस्टर युनायटेडचा कॅप्टन रॉय कीन 2000 मध्येच त्यांच्या ओल्ड ट्रॅफर्ड ग्राउंडवरच्या अशा प्रेक्षकांवर जाहीरपणे चिडला होता. पण तेव्हा ते प्रेक्षक थोडे होते. आता क्लब स्टँड बांधतानाच हिशोब करतात की मधला भाग हॉस्पिटॅलिटीला, कारण तिथली एक सीट वरच्या कितीतरी साध्या सीटइतकं कमावते. त्या गृहस्थांचा मुलगा गेली कित्येक वर्षं सीझन तिकिटाच्या वेटिंग लिस्टवर आहे. नातवाला आणायचं तर बॅलट.

इथे मला या सगळ्या सर्व्हिसमधली खरी गोम कळली. क्लबच्या मालकाला आता माझ्यासारखा माणूस जास्त परवडतो, त्या गृहस्थांसारखा कमी. सीझन तिकीटवाला दर मॅचला येतो, घरून खाऊन येतो, स्कार्फ वीस वर्षांपूर्वीचाच घालतो, शॉपमध्ये पाऊल टाकत नाही. मी वर्षाकाठी एखाद-दुसऱ्या मॅचला आलो, जर्सी घेतली, फोटो काढले, आत बर्गर खाल्ला, मेंबरशिपचे वेगळे दिले. म्हणून गेल्या काही वर्षांत क्लब सीझन तिकिटांची संख्या गोठवतायत, म्हाताऱ्यांच्या आणि मुलांच्या सवलती कमी करतायत, आणि मोकळी होणारी सीट माझ्यासारख्याला जास्त भावात विकतायत. मँचेस्टर युनायटेडने नोव्हेंबर 2024 मध्ये चालू सीझनच्या मध्यात मेंबरांसाठी उरलेली तिकिटं सरसकट 66 पाउंड केली, लहान मुलांना नि पेन्शनरांना पण तेवढीच. त्याआधी मोठ्यांना 40 पासून आणि मुलांना 25 ला मिळत होती. फॅन्सनी निदर्शनं केली, वेगवेगळ्या क्लबांच्या फॅन्सनी एकत्र येऊन "निष्ठेचा गैरफायदा घेऊ नका" असे बॅनर लावले, अगदी एकमेकांचे कट्टर वैरी असलेल्या क्लबांच्या फॅन्सनी.

आणि या सर्व्हिसमध्ये ग्राहकाला दुकान बदलता येत नाही. फोनची कंपनी महाग झाली तर मी नंबर पोर्ट करतो. एव्हर्टनच्या माणसाला त्याच शहरातल्या वैऱ्याकडे, लिव्हरपूलमध्ये, पोर्ट हो म्हणून सांगा बघू. मालकांना हे पक्कं माहीत आहे, किंमत कितीही वाढवली तरी हा जाणार नाही, आणि गेला तर त्याच्या मागे लाखाची वेटिंग लिस्ट आहे. त्यामुळे "परवडत नसेल तर नका ना जाऊ" हे जे लोक कॉमेंटमध्ये लिहितात ते मला अजिबात पटत नाही.

हे इथपर्यंत कसं आलं ते थोडक्यात. 1992 ला वरच्या क्लबांनी जुन्या फुटबॉल लीगमधून बाहेर पडून प्रीमियर लीग काढली, टीव्हीचे पैसे खालच्या डिव्हिजनशी वाटून घ्यायला नकोत म्हणून, आणि स्काय चॅनलने पैसे ओतले. 2025 पासूनचा चार वर्षांचा देशातला टीव्ही करार 670 कोटी पाउंडांचा आहे. एवढा पैसा येतोय म्हटल्यावर तिकिटाच्या उत्पन्नावर क्लब जगत नाहीत, मोठ्या क्लबांच्या एकूण कमाईत तिकिटांचा वाटा छोटा आहे. म्हणजे ठरवलं तर तिकीट अर्ध्या किमतीत देऊनही यांचं दुकान बंद पडणार नाही. शिवाय एक गंमत बघा, शनिवारी दुपारी 3 ची मॅच इंग्लंडमध्ये लाइव्ह दाखवायला मनाई आहे, खालच्या डिव्हिजनच्या ग्राउंडवर लोक यावेत म्हणून 1960 च्या दशकापासूनचा नियम आहे, नियम चांगलाच आहे. पण परिणाम असा की तीच मॅच परदेशात बसलेला माणूस सोफ्यावरून बघतो आणि स्टेडियमपासून दोन गल्ल्या सोडून राहणारा, ज्याला तिकीट मिळालं नाही, तो रेडिओ लावतो.

मालक. पैसेवाला मालक ही गोष्ट काही रशियन नि अरबांनी आणलेली नाही. ब्लॅकबर्न रोव्हर्सला 1995 मध्ये लीग जिंकून दिली ती जॅक वॉकर यांच्या स्टीलच्या पैशाने, पण तो माणूस ब्लॅकबर्नमध्येच जन्मलेला, लहानपणापासून त्याच क्लबचा फॅन. आणि मग 2010 मध्ये तोच क्लब आपल्या पुण्याच्या व्हेंकीज कंपनीने घेतला. तेव्हा आपल्याकडे केवढा आनंद झाला होता, मराठी माणसाच्या ओळखीची कंपनी प्रीमियर लीगमध्ये! काही आठवड्यांतच त्यांनी सॅम ॲलर्डाइससारख्या अनुभवी मॅनेजरला काढलं, ज्याने मोठी टीम कधी चालवली नव्हती अशा स्टीव्ह कीनला बसवलं, प्लेअर्सना चिकनच्या जाहिरातीत उतरवलं, आणि मे 2012 मध्ये टीम खालच्या डिव्हिजनमध्ये गेली. ज्या रात्री ते नक्की झालं त्या विगनविरुद्धच्या मॅचमध्ये फॅन्सनी रोव्हर्सचा झेंडा गुंडाळलेली जिवंत कोंबडी पिचवर सोडली होती. 2017 ला तर तिसऱ्या डिव्हिजनपर्यंत घसरले, पुढच्या वर्षी परत वर आले. व्हेंकीजने क्लबमध्ये पैसे भरपूर घातले, तोटा भरत राहिले, हे मान्य केलं पाहिजे, क्लब बुडवून पळून गेले नाहीत. पण ब्लॅकबर्नच्या फॅन्सचं म्हणणं वेगळंच होतं, की आमच्याशी कोणी बोलतच नाही, मालक हजारो मैलांवर, ग्राउंडवर फिरकत नाहीत, प्रश्न विचारायचा तर कोणाला विचारायचा. पुणेकर म्हणून मला ते वाचताना वाईट वाटायचं.

मला तरी मालकांचे दोनतीन प्रकार दिसतात. एक ग्लेझर कुटुंबासारखे. 2005 मध्ये त्यांनी मँचेस्टर युनायटेड सुमारे 79 कोटी पाउंडांना घेतला, त्यातला मोठा भाग कर्जाचा, आणि कर्ज टाकलं क्लबच्याच डोक्यावर. ज्या क्लबवर तोवर एक पाउंड कर्ज नव्हतं तो क्लब स्वतःला विकत घेतल्याचं व्याज भरत बसला. म्हणजे तिकीट घेणारा प्रत्येक जण मालकाचा हप्ता भरतोय. आणि ओल्ड ट्रॅफर्डचं छप्पर गळतं, मे 2024 ला आर्सेनलविरुद्धच्या मॅचनंतर पावसाचं पाणी धबधब्यासारखं स्टँडमध्ये पडत होतं, व्हिडिओ सगळ्यांनी बघितले. काही फॅन्सनी तर 2005 लाच वैतागून एफसी युनायटेड ऑफ मँचेस्टर नावाचा स्वतःचा क्लब काढला, एक मेंबर एक मत, तो आजही खालच्या लीगमध्ये खेळतो.

दुसरे म्हणजे हिशोबच न ठेवणारे. 2003 ला रोमन अब्रामोविचने चेल्सी घेतला, 2008 ला अबू धाबीच्या शेख मन्सूर यांनी मँचेस्टर सिटी घेतला आणि त्याच दिवशी रोबिन्योला 3 कोटी 25 लाख पाउंडांना आणला, ऑक्टोबर 2021 ला सौदी अरेबियाच्या सरकारी फंडाने न्यूकॅसल घेतला. यांनी फॅन्सकडून काही ओरबाडलं नाही, उलट स्वप्नं पुरी केली. मार्च 2025 ला वेम्बलीवर न्यूकॅसलने लिव्हरपूलला 2-1 हरवून लीग कप जिंकला, 1955 नंतरची पहिली डोमेस्टिक ट्रॉफी, आणि पहिला गोल डॅन बर्नच्या डोक्यातून, जवळच्याच ब्लाइथ गावचा पोरगा, लहानपणी ज्याला न्यूकॅसलने नापास केलं होतं. सत्तर वर्षं वाट बघितलेल्या शहराला रस्त्यावर रडताना बघून मला त्यांना एका शब्दानेही दोष द्यावासा वाटत नाही. पण त्या फंडाच्या पैशामुळे बाकीच्या क्लबांना प्लेअरचे पगार त्याच वेगाने वाढवावे लागतात आणि ते पैसे कुठूनतरी यायला लागतात, हेही तितकंच खरं आहे. सिटीवर तर लीगने फेब्रुवारी 2023 मध्ये शंभराच्या वर आर्थिक नियमभंगाचे आरोप ठेवले, क्लबने ते नाकारले आहेत. तुमच्या टीमने वर्षानुवर्षं चांगली पोरं घडवावीत आणि एका मालकाच्या चेकने ती उचलून न्यावीत हे खालच्या क्लबांच्या फॅन्सच्या पाचवीलाच पुजलंय.

तिसऱ्या प्रकाराबद्दल लिहिताना मला राग येतो. बरी नावाचा क्लब, 1885 चा, एफए कप दोनदा जिंकलेला, मँचेस्टरच्या जवळचा. डिसेंबर 2018 ला एका व्यावसायिकाने तो 1 पाउंडाला घेतला, पगार थकले, पैसे कुठून येणार हे दाखवता आलं नाही, आणि 27 ऑगस्ट 2019 ला लीगने क्लबला हाकलून दिलं. त्याच दिवशी सकाळी गिग लेन ग्राउंडवर शेकडो फॅन्स झाडू नि ब्रश घेऊन सीट पुसत होते, विकत घेणारा कोणी आला तर शनिवारी मॅच होईल आणि ग्राउंड तयार असावं म्हणून. मॅच झाली नाही. सव्वाशे वर्षं लीगमध्ये असलेली गोष्ट एका मालकाच्या हातात सात-आठ महिन्यांत संपते, आणि ज्यांच्या आजोबा-पणजोबांनी ती सांभाळली त्यांना विचारायचं कोणाला सुचत नाही. कार्डिफला तर मलेशियन मालकाने 2012 ला निळी जर्सी बदलून लाल केली होती, क्लबचं टोपणनाव ब्लूबर्ड्स असताना! 2015 ला परत निळी झाली, फॅन्स मागे लागले म्हणून.

फॅन्स मागे लागले की होतं, हे मात्र मला हा सगळा प्रकार वाचताना सारखं दिसत गेलं. 6 फेब्रुवारी 2016, लिव्हरपूलचं ग्राउंड ॲनफील्ड, क्लबच्या मालकांनी नव्या स्टँडमध्ये 77 पाउंडांचं तिकीट जाहीर केलेलं, तर सन्डरलँडविरुद्ध 77 व्या मिनिटाला सुमारे दहा हजार फॅन्स उठून चालायला लागले. टीम 2-0 ने पुढे होती. मागे अर्धं रिकामं ग्राउंड आणि मॅच 2-2 सुटली. चार दिवसांत मालकांनी माफी मागून ते तिकीट मागे घेतलं. त्याच वर्षी फॅन्सच्या जुन्या मागणीमुळे पाहुण्या टीमच्या तिकिटाला 30 पाउंडांची कमाल मर्यादा लागली, आज प्रीमियर लीगमधली सगळ्यात योग्य किमतीची गोष्ट कुठली तर तेच अवे तिकीट. आणि एप्रिल 2021 ची सुपर लीग तर सगळ्यांना आठवत असेल, युरोपातल्या बारा श्रीमंत क्लबांनी रविवारी जाहीर केलं की आम्ही आमची बंद लीग काढतो ज्यात आमचं स्थान कायम, त्यात इंग्लंडचे सहा. मंगळवारी संध्याकाळी स्टॅमफर्ड ब्रिज या आपल्या ग्राउंडबाहेर चेल्सीच्या फॅन्सनी रस्ता अडवला, क्लबचा माजी गोलकीपर पीटर चेक स्वतः बाहेर येऊन विनवण्या करत होता, आणि रात्री उशिरापर्यंत सहाही क्लब बाहेर पडले. शेकडो कोटींची स्कीम दोन दिवसांत गुंडाळली.

जर्मनीत हे नियमातच आहे, 50+1 म्हणतात त्याला, क्लबची निम्म्याहून जास्त मतं मेंबरांकडे, म्हणजे तिथे मेंबर या शब्दाला खरोखर मत असतं. लेव्हरकुसेन, व्होल्फ्सबुर्ग असे अपवाद आहेत, आणि लाइपझिगने नियमाचं नाव ठेवून जीव काढून घेतला असं तिथले फॅन्स म्हणतात, पण एकंदरीत टिकलंय. 2024 च्या सुरुवातीला लीगने बाहेरचा गुंतवणूकदार आणायचा घाट घातला तर फॅन्सनी मॅच चालू असताना पिचवर टेनिस बॉल फेकून फेकून मॅच थांबवल्या आणि फेब्रुवारीतच तो बेत रद्द झाला. डॉर्टमुंडला एका स्टँडमध्ये जवळजवळ पंचवीस हजार लोक उभे राहून मॅच बघतात, तेही इंग्लंडच्या तुलनेत फारच स्वस्त तिकिटात. युरोपात फिरायला जाणार असाल तर ते करा, बघाच.

आता स्टार. मॅचडे अनुभवाला 5 पैकी साडेचार, अर्धा कापला तो ग्राउंडच्या आतल्या खाण्यासाठी, कोमट पाय (सारण भरलेली इंग्लिश पेस्ट्री) आणि दामदुप्पट भाव. ॲपला 3. मेंबरशिप या वस्तूला 5 पैकी दीड, आणि तोही दीड फक्त एवढ्यासाठी की दुसरा सरळ मार्ग नाही. क्लबच्या शॉपला 2, मोठ्यांची जर्सी 80-85 पाउंड, दरवर्षी होम, अवे आणि थर्ड अशा तीन नव्या, घरात दोन पोरं असतील तर आईबापांनी काय करायचं.

कोणी घ्यावी? तुम्ही इथे निदान दोन वर्षं राहणार असाल, तुमची टीम एकच आणि ठरलेली असेल, आठवड्यातल्या रात्रीच्या मॅचलाही जाऊ शकत असाल, तर घ्या, कप मॅचेसच्या सुरुवातीच्या राउंडना आणि खालच्या टीमविरुद्धच्या मॅचना नंबर लागायची शक्यता जास्त असते. एका ट्रिपसाठी येणाऱ्या पाहुण्यांनी घेऊ नये. ट्रेनचं तिकीट टीव्हीच्या तारखा जाहीर झाल्यावरच काढा. आणि सोशल मीडियावर "एक्स्ट्रा तिकीट आहे" म्हणणाऱ्याकडून चुकूनही घेऊ नका, इंग्लंडमध्ये फुटबॉलचं तिकीट परवानगीशिवाय विकणं 1994 च्या कायद्याने गुन्हा आहे आणि बहुतेक वेळा तो पास गेटवर चालतच नाही.

पैसे मोजून समाधान हवं असेल तर माझी शिफारस एएफसी विम्बल्डन. जुन्या विम्बल्डन क्लबला, 1988 चा एफए कप जिंकलेल्या, 2002 मध्ये मिल्टन कीन्सला हलवायची परवानगी मिळाली तेव्हा फॅन्सनी नवीन क्लब काढला, विम्बल्डन कॉमनच्या मैदानावर येईल त्या पोराची ट्रायल घेऊन टीम उभी केली, नऊ वर्षांत फुटबॉल लीगमध्ये पोचले, 2020 ला आपल्या जुन्या प्लाउ लेनवर नवीन ग्राउंड बांधून परतले आणि आजही क्लबची सूत्रं फॅन्सच्या ट्रस्टकडे आहेत. लंडनमध्येच आहे, तिकीट माझ्या त्या कोपऱ्यातल्या सीटच्या निम्म्याहूनही कमी, आणि पिच इतकं जवळ की थ्रो-इन घेणाऱ्याचा श्वास ऐकू येतो. फुटबॉल वरच्या दर्जाचं नाही, लांब बॉल मारतात, पण चुकीच्या पासवर ओरडणारे आजोबा आणि त्यांचा नातू एकाच रांगेत बसलेले असतात.

जुलै 2025 मध्ये फुटबॉलसाठी स्वतंत्र रेग्युलेटरचा कायदा झालाय, क्लबला लायसन्स लागेल, मालकाची तपासणी होईल, बिल्ला आणि रंग बदलायचा तर फॅन्सना विचारावं लागेल. तिकिटाचा भाव ठरवायचा अधिकार मात्र त्याला दिलेला नाही. त्यामुळे रिन्यूअलचा ईमेल येईल तेव्हा किंमत तपासूनच क्लिक करा.